टेंभुर्णी ते बोंढार : साक्ष कोण देणार?

दरवर्षी १४ जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठाच्या गेटसमोर निळा सागर उसळतो. शहराचे नाव २०२३ साली बदलून छत्रपती संभाजीनगर झाले, पण गेट तेच आहे आणि गर्दीही तीच आहे. खेड्यापाड्यांतून आयाबाया लेकरे कडेवर घेऊन येतात, गेटच्या पायरीवर डोके टेकतात आणि मेणबत्ती लावतात. पण शेजारी उभ्या असलेल्या दहावी-बारावीच्या पोराला विचारावे, की बाळा, हे नाव या कमानीवर चढविण्यासाठी कोणाकोणाचा जीव गेला, तर तो गप्प होतो. दोष त्याचा नाही. घरात कोणी सांगितलेच नाही. म्हणून आम्ही आज हा विषय कुटुंबाच्या पानावर घेतला आहे. रक्तपाताचे वर्णन करून मन विषण्ण करावे हा आमचा हेतू नाही. मराठवाडा आणि त्याच्या शिवेला लागलेला नगर (आता अहिल्यानगर) जिल्हा, एवढ्या एका पट्ट्यात ४५ वर्षांत आपली माणसे कशी मारली गेली, पुढे कोर्टात काय झाले आणि त्यातून आपण काय शिकायचे, हे घरात बसून एकमेकांना सांगता यावे एवढीच इच्छा आहे.

पोचिराम कांबळे : १९७८

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. ठराव मुंबईत झाला, आग मराठवाड्यात लागली. सुमारे १२०० गावांना तिची झळ पोहोचली. वस्त्या पेटविल्या गेल्या, विहिरीत घाण टाकली गेली, मजुरी बंद झाली. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही कधी पाहिली नव्हती, अशा शेतमजुरांची घरे एका नावासाठी जळाली.

त्या वणव्यात नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावी ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोचिराम कांबळे यांना जमावाने गाठले, हालहाल केले आणि जाळून मारले. ‘जयभीम सोड’ असा धाक घातला तरी त्यांनी जयभीम सोडला नाही, असे चळवळीतील जुनी माणसे सांगतात. येथे एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. पोचिराम हे मातंग समाजाचे होते. धर्मांतराने बौद्ध झालेले ते नव्हते. तरीही बाबासाहेबांच्या नावासाठी त्यांनी देह ठेवला. आज ‘तो आपल्यातला नाही’ म्हणून जे लोक वस्तीतल्या वस्तीत भिंती घालतात, त्यांनी टेंभुर्णीची आठवण ठेवावी. मारणाऱ्यांनी पोटजात विचारली नव्हती. मग आपण ती का विचारावी?

त्याच नांदेड जिल्ह्यात जनार्दन मवाडे यांचाही बळी गेला. पुढे २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नामांतराला होणाऱ्या दिरंगाईविरुद्ध नांदेडातच गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षे लागली. गेटवरची अक्षरे रंगाने रंगविलेली दिसतात, पण खाली अस्तर रक्ताचे आहे.

१९७८ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा नव्हता. होता तो १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, आणि तो प्रामुख्याने अस्पृश्यता पाळण्यापुरता होता. घर जाळले, माणूस मारला, तर गुन्हा साध्या भारतीय दंड संहितेखाली. म्हणजे दोन शेतकऱ्यांत बांधावरून खून व्हावा आणि एका समाजाची वस्ती जातीच्या द्वेषाने पेटवावी, कायद्याच्या वहीत दोन्हींची नोंद एकाच रकान्यात! हा रकाना वेगळा करण्यासाठी १९८९ साल उजाडावे लागले. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा त्या वर्षी झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्याच १९९० साली धर्मांतरित बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाला. या दोन गोष्टी एकाच साली झाल्या, हे लक्षात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

सोनई : डोळ्यांनी कोणी पाहिले नव्हते

कायदा झाला, आता तरी खून थांबतील अशी आशा होती. नगर जिल्ह्याने ती पार धुळीला मिळविली.

१ जानेवारी २०१३. भीमा कोरेगावला विजयस्तंभाजवळ मानवंदना चालू होती, त्याच दिवशी नेवासे तालुक्यातील सोनई शिवारात तीन तरुणांची हत्या झाली. सचिन घारू, संदीप धनवार आणि राहुल कंडारे ही ती मुले. मेहतर समाजाची, एका शिक्षण संस्थेत सफाईचे काम करणारी. सचिनचे एका सवर्ण मुलीवर प्रेम होते आणि तिचेही त्याच्यावर. मुलीच्या घरच्यांनी सेप्टिक टँक साफ करायची आहे असे सांगून तिघांना वस्तीवर बोलावून घेतले. ज्या कामाने जातीने त्यांना शतकानुशतके बांधून ठेवले, त्याच कामाचा गळ करून त्यांना मृत्यूच्या दारात नेले. एकाचा देह त्या टाकीत सापडला. सचिनच्या देहाचे तर तुकडे करण्यात आले होते. प्रेम केले म्हणून! आणि उरलेल्या दोघांचा गुन्हा काय? ते सोबत होते.

या हत्येला प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नव्हता. शेतातली वस्ती, घरचेच आरोपी. अशा वेळी खटला कोसळतो असा सर्वसाधारण अनुभव. पण मृतांच्या नातेवाइकांनी आणि कार्यकर्त्यांनी पाठ सोडली नाही. जिल्ह्यात साक्षीदारांवर दबाव येतो म्हणून खटला नाशिकला नेण्यात आला. विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक झाली. ५० हून अधिक साक्षीदार तपासले गेले. फोनवरच्या बोलण्याच्या नोंदी, जप्त केलेली हत्यारे, वैद्यकीय अहवाल, कोण कोणाला कधी शेवटचे भेटले याची साक्ष, अशी कडीला कडी जोडली गेली. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी धरून फाशीची शिक्षा सुनावली, एकाला सोडले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एकाला सोडले, पण मुख्य आरोपींची शिक्षा कायम केली.

फाशी असावी की नसावी, हा वेगळा विषय आहे. प्राणीहत्येपासून दूर राहण्याचे पहिले शील घेणाऱ्या आपल्या समाजात त्यावर दोन मते असू शकतात. आमचा मुद्दा एवढाच, की पाहणारा एकही नसताना गुन्हा शाबित झाला.

खर्डा : सगळ्यांनी पाहिले होते

आता याच जिल्ह्यातले दुसरे गाव घेऊ. जामखेड तालुक्यातील खर्डा. १७९५ च्या मराठे-निजाम लढाईमुळे इतिहासाच्या पुस्तकात नाव असलेले गाव. २८ एप्रिल २०१४ रोजी या गावात नितीन आगे या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याला मारून टाकण्यात आले. सवर्ण मुलीशी बोलतो, हा संशय. शाळेच्या आवारात, दिवसाढवळ्या त्याला मारहाण सुरू झाली. तेथून त्याला फरफटत नेले. नंतर त्याचा देह झाडाला लटकलेला आढळला.

शाळा म्हणजे काय? आपल्या आयांनी धुणीभांडी करून, बापांनी ऊस तोडून पोरांना जेथे पाठविले ती जागा. बाबासाहेबांनी आपल्याला जे दार उघडून दिले ते दार. त्या दारातून एक पोर ओढून नेले जाते आणि शाळा बघत राहते!

सोनईत पाहणारे कोणी नव्हते. खर्ड्यात पाहणारे गाव होते. तरी काय झाले? खटला नगरच्या न्यायालयात उभा राहिला आणि साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. त्यात शाळेतील शिक्षकही होते. पोलिसांपुढे सांगितलेले कोर्टात नाकारले गेले. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी खटल्यातील सर्व आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मुलगा मेला हे खरे, त्याला मारले हेही खरे, पण मारणारा कायद्याला सापडला नाही.

याच जिल्ह्यात, याच न्यायालयात अवघ्या सहा दिवसांनी, २९ नोव्हेंबर २०१७ रोजी कोपर्डीच्या खटल्यात तिघांना फाशीची शिक्षा झाली. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डी येथे एका मराठा मुलीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला होता. आरोपी दलित समाजातील होते. त्या लेकीवर जे गुदरले ते माणुसकीला काळिमा फासणारे होते आणि गुन्हेगारांना शिक्षा झाली हे योग्यच झाले. गुन्हेगार आपला म्हणून त्याला पाठीशी घालावे, ही शिकवण ना बुद्धांची, ना बाबासाहेबांची. पण आम्ही विचारतो, कोपर्डीच्या आईला दीड वर्षाच्या आत न्याय मिळाला, तो खर्ड्याच्या आईला साडेतीन वर्षांनीही का मिळू नये? कोपर्डीसाठी लाखोंचे मोर्चे निघाले, वकील मिळाला, साक्षीदार टिकले. खर्ड्यासाठी आपले मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, नेते येऊन गेले. मग गाड्या परत गेल्या आणि साक्षीदार त्याच गावात, त्याच मालकाच्या शेतावर, त्याच दुकानाच्या उधारीवर उरले. फितुरीचे खरे कारण तेथे आहे.

जवखेडे आणि शिर्डी

खर्ड्याची राख निवते न निवते तोच ऑक्टोबर २०१४ मध्ये, ऐन दिवाळीत, पाथर्डी तालुक्यातील जवखेडे खालसा येथे आई, बाप आणि कॉलेजात शिकणारा मुलगा अशा तिघांची हत्या झाली. देहांचे तुकडे विहिरीत टाकलेले सापडले. राज्यभर संताप उसळला. पोलिसांनी पुढे जवळच्या नातेवाइकांनाच अटक केली आणि त्या तपासावर चळवळीतून शंका घेतली गेली. अशा प्रकरणात रस्त्यावर उतरणे जेवढे गरजेचे, तेवढेच तपासाच्या कागदावर लक्ष ठेवणेही गरजेचे असते, हे जवखेड्याने दाखविले.

मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ हा नर्सिंगचे शिक्षण घेणारा तरुण मारला गेला. त्याच्या मोबाइलची रिंग वाजली. रिंगमध्ये बाबासाहेबांचे गाणे होते. एवढेच निमित्त!

बोंढार : २०२३

पोचिरामांच्या नांदेड जिल्ह्यात परत येऊ. १ जून २०२३. नांदेड शहराला खेटून असलेले बोंढार हवेली हे गाव. तेथे त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती काढण्यात बौद्ध वस्तीतील तरुण पुढे होते. त्यांत अक्षय भालेराव हा २४ वर्षांचा तरुणही होता. जूनच्या त्या संध्याकाळी गावातून लग्नाची वरात चालली होती. वरातीतील काहींनी अक्षयला किराणा दुकानाजवळ गाठून सुऱ्याने भोसकले. जयंती काढल्याचा राग मनात धरून हा खून झाला, असे भावाने फिर्यादीत म्हटले. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होऊन अटका झाल्या.

आता हे सगळे एका ओळीत ठेवून पाहा. १९७८ मध्ये विद्यापीठाचे नाव. २०१३ मध्ये प्रेम. २०१४ मध्ये मुलीशी बोलणे. २०१५ मध्ये फोनची रिंग. २०२३ मध्ये जयंती. निमित्त दर वेळी नवे, पण मूळ एकच. खाली मान घालून चालणारा माणूस मान वर करून चालू लागला, शिकू लागला, आपल्या नेत्याचे नाव मोठ्याने घेऊ लागला, की गावगाड्याचा जुना मालक चवताळतो. ज्याने कधी मान वर केलीच नाही त्याला कोणी मारीत नाही, त्याला फक्त राबवून घेतात. म्हणून घाबरून मान खाली घालणे हा उपाय नव्हे. मग उपाय काय?

कागद बोलतो

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागद काय करू शकतो ते आम्हाला रोज दिसते. भावनेने भरलेले भाषण संध्याकाळी विरून जाते, पण तारखेसह नोंदविलेला अर्ज वीस वर्षांनीही कपाटातून बाहेर येऊन बोलतो. म्हणून प्रत्येक वस्तीने, प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने पुढील गोष्टी पाठ कराव्यात.

पहिली गोष्ट जातीच्या दाखल्याची. अत्याचाराचा गुन्हा टिकण्यासाठी पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. आपण बौद्ध, हे अभिमानाने सांगावे. पण १९९० च्या दुरुस्तीमुळे धर्मांतरित बौद्धांना मिळणारा अनुसूचित जातीचा दाखला घरातल्या प्रत्येकाचा काढून ठेवावा. तो केवळ शिष्यवृत्तीसाठी नाही.

दुसरी गोष्ट फिर्यादीची. ठाण्यात जे सांगितले ते जसेच्या तसे लिहून घेतले का, जातीवाचक शब्द आणि मारण्याचे कारण त्यात आले का, हे वाचून किंवा वाचून घेऊनच सही करावी. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. ठाणेदार घेत नसेल तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावी आणि पावती जपावी. कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला याच कायद्याच्या कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्षाची कैद होऊ शकते. तपास पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो आणि साठ दिवसांत आरोपपत्र जायला हवे. २००६ च्या खैरलांजीत चार जीव गेले, पण तेथे कोर्टाने अत्याचाराचे कलम शाबित धरले नाही. जातीचे कारण पहिल्या दिवसापासून कागदावर पक्के असणे किती मोलाचे आहे, ते यावरून समजावे.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट साक्षीदाराची. पोलिसांपुढचा जबाब कोर्टात नाकारता येतो. म्हणून महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब लवकरात लवकर न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६४ होते, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १८३ आहे. असा जबाब फिरविणे सोपे नसते. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार कायद्यात कलम १५ अ आले. त्यात पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च आणि पुनर्वसन मिळण्याचा हक्क लिहिला आहे. साक्षीला जाणाऱ्याची मजुरी बुडते, ती निदान किमान वेतनाएवढी भरून द्यावी असे नियम सांगतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे त्यासाठी अर्ज करता येतो. किती साक्षीदारांना हे ठाऊक आहे? किती कार्यकर्त्यांनी असा एक तरी अर्ज लिहिला आहे?

चौथी गोष्ट मदतीची. खून झाल्यास मृताच्या कुटुंबाला २०१६ च्या नियमांप्रमाणे ८ लाख २५ हजार रुपये मिळतात. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे आरोपपत्र कोर्टात गेल्यावर. शिवाय विधवेला किंवा अवलंबून असणाऱ्यांना दरमहा निवृत्तिवेतन आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद आहे. ही भीक नाही, हा कायदा आहे. पैसे घेतले म्हणजे खटला मिटला, अशी अफवा गावात पसरवितात. तिला कोणी बळी पडू नये.

पाचवी गोष्ट दक्षता समितीची. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील या समितीची बैठक दर तीन महिन्यांनी झालीच पाहिजे. आपल्या जिल्ह्यात शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येते. ज्याला मोर्चात चालवत नाही, त्या आजोबांनीही हा अर्ज करावा.

मोर्चानंतरचे दिवस

मोर्चे निघालेच पाहिजेत. मोर्चे निघाले नसते तर सोनईचा खटला नाशिकला गेला नसता. पण मोर्चा एका दिवसाचा असतो आणि खटला पाच वर्षांचा. त्या पाच वर्षांत साक्षीदाराच्या घरी कोण जाते? मालकाने कामावरून काढले तर दोन महिन्यांचे रेशन कोण भरते? तारखेच्या दिवशी त्याच्यासोबत एस.टी.त कोण बसते? कोर्टाच्या आवारात आरोपीची पन्नास माणसे उभी असतात. आपला साक्षीदार मात्र एकटा, हातात पिशवी घेऊन, भिंतीला टेकून उभा असतो. तेथे त्याचा धीर सुटला तर त्याला गद्दार म्हणणे सोपे आहे. पण त्याला एकटे कोणी सोडले?

आम्ही सुचवितो, की प्रत्येक तालुक्यात दहा-दहा घरांनी मिळून एक साक्षीदार मदत निधी उभा करावा. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा यासाठी बाजूला काढावा. डी.जे.चा एक तास कमी वाजला तर बाबासाहेब रागावणार नाहीत. त्या पैशात एका साक्षीदाराची चार तारखांची मजुरी निघते. शहरात नोकरी करणाऱ्या बांधवांनी गावाकडच्या एका खटल्याची तारीख आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवावी आणि रजा टाकून एकदा तरी त्या कोर्टात जाऊन बसावे. नुसते बसावे. साक्ष देणाऱ्याने मान वळवली तर आपले चार चेहरे त्याला दिसावेत, एवढ्यासाठी.

आणि माताभगिनींनो, संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झाल्यावर मुलांना ही नावे सांगा. पोचिराम कांबळे. सचिन, संदीप, राहुल. नितीन आगे. सागर शेजवळ. अक्षय भालेराव. भीती घालण्यासाठी सांगू नका, सूड शिकविण्यासाठी तर मुळीच नको. वैराने वैर शमत नाही, ही आपल्या शास्त्याची शिकवण आहे. पण वैर न करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. जे पाहिले ते कोर्टात उभे राहून खरे सांगणे हेही शीलच आहे. खोटे न बोलण्याचे चौथे शील आपण रोज उच्चारतो. त्याची खरी परीक्षा विहारात होत नाही, ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते.

जयभीम!